ओटा हवा की दार?

मुक्काम : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच विषयाची निघाली. जास्त दिवसांच्या मुक्कामासाठीचं स्वयंपाकघरवालं हॉटेल (एक्स्टेंडेड-स्टे) घ्यावं, की बसायची खोली वेगळी असलेलं सगळ्या सूटचं हॉटेल (ऑल-सूट) घ्यावं? इंटरनेटवर फोटो बघून दोन्ही सारखीच वाटतात. सोफा, टीव्ही, पांढरी चादर, टेबलावर एक हिरवं सफरचंद. मी आधी मुंबईत आणि मग दुबईत हॉटेलच्या काउंटरमागे उभी असायचे, आता विश्रामबागेत लोकांची तिकिटं आणि मुक्काम ठरवून देते. लोक भाडं विचारतात, चांदण्या मोजतात, नाश्ता आहे का विचारतात. रात्री कोण किती वाजता झोपणार आणि सकाळी कोण काय खाणार, हे घरातल्या घरातही कुणी बोलत नाही. पत्रं आली त्याच क्रमाने घेते आहे. नावं छापत नाही.

ताई, आम्ही दोघं साठी ओलांडलेले. सप्टेंबरअखेर मुलीची प्रसूती आहे, टेक्सासमध्ये इरविंगला. तिच्या घरात पाहुण्यांची एकच खोली आहे आणि तिथे व्याही-विहीणबाई आधीच पोचणार आहेत. म्हणून आम्ही २८ रात्री जवळच्या हॉटेलात राहायचं ठरवलंय. एजंट म्हणतो ऑल-सूट घ्या, गरम नाश्ता फुकट आहे. मुलगी म्हणते एक्स्टेंडेड-स्टे घ्या. दोन्हीच्या नावात ‘सूट्स’ आहेच. फरक काय? आणि फोडणी देता येते का, असं ही विचारते आहे. — विश्रामबाग, सांगली

काका, मुलीचं ऐका. पण का ऐकायचं ते समजून घ्या, म्हणजे तिथे गेल्यावर एजंटचं खरं होतं असं वाटणार नाही.

ऑल-सूट म्हणजे ज्या हॉटेलात साधी एक खोली मिळतच नाही, प्रत्येकाला बसायची जागा आणि झोपायची जागा वेगळी. एम्बसी सूट्ससारख्या ठिकाणी या दोहोंत खरोखरची भिंत आणि दार असतं, सकाळी समोर उभं राहून सांगू तसं ऑम्लेट करून देतात. पण स्वयंपाकाच्या नावाने एक छोटा फ्रीज, मायक्रोवेव्ह आणि कॉफीचं यंत्र. स्प्रिंगहिल सूट्ससारख्या ठिकाणी तर भिंतही नाही, सोफा आणि पलंग यांच्यामध्ये आडोसा असतो एवढंच. नाव सूटच.

एक्स्टेंडेड-स्टेचा जन्मच वेगळ्या कारणाने झाला. जॅक डीबोअर नावाचा एक माणूस अमेरिकेत कॅन्ससमधल्या विचिटा गावी फ्लॅट बांधायचा. बदलीवर आलेली, नवं घर मिळेपर्यंत अडकलेली माणसं कुठे राहतात, हे बघून त्याने १९७५ मध्ये फ्लॅटसारखंच हॉटेल काढलं. तेच रेसिडेन्स इन; १९८७ मध्ये ते मॅरियटने घेतलं. होमवूड सूट्स, स्टेब्रिज सूट्स, कँडलवूड सूट्स ही त्याच जातीची. त्यांत पुरा फ्रीज, शेगडी, सिंक, भांडी, बहुतेक ठिकाणी भांडी धुवायचं यंत्र, आणि इमारतीत कपडे धुवायची मशीन. ओव्हन मात्र सहसा नसतो. झाडलोट रोज होत नाही, मोठ्या मुक्कामात आठवड्यातून एकदा-दोनदा. रेसिडेन्स इन आणि होमवूडमध्ये नाश्ता भाड्यातच असतो. कँडलवूडमध्ये नाश्ता नाही, पण कपडे धुणं फुकट. तेव्हा एजंटचा नाश्त्याचा मुद्दा इथेच निकालात निघाला.

तुमच्या पत्रात एक वाक्य काकूंचं आहे हे अक्षरावरूनच कळलं: ‘बाळंतिणीचं मी करणार.’ मग ओटा लागणारच. मुलीच्या घरात विहीणबाईंचा हात आधीच ओट्यावर असेल. एका स्वयंपाकघरात दोन आज्या आणि एक बाळंतीण, यावर मी काही लिहीत नाही. आपण सगळ्या समजतो. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, बाळंतशेपेचं पाणी तुमच्या हॉटेलातल्या ओट्यावर करून डब्यातून नेलंत तर सगळ्यांचंच तोंड गोड राहील.

आता दार. साडेदहा तासांचा फरक आहे, पहिला आठवडाभर तुम्ही पहाटे तीनला टक्क जागे असणार, टीव्हीवर बातम्या लावणार आणि काकू पांघरूण डोक्यावर घेणार. एक्स्टेंडेड-स्टेमध्ये स्टुडिओ, म्हणजे सगळं एकाच खोलीत, स्वस्त असतो, पण त्यात पलंगासमोरच शेगडी. थोडे जास्त पैसे देऊन ‘वन बेडरूम’ घ्या. बुक करताना लिहून विचारा: बेडरूमला बंद होणारं दार आहे ना? ओटाही मिळेल, दारही.

पैशाचं बघा. टेक्सासमध्ये सलग ३० दिवस किंवा जास्त राहणाऱ्याला हॉटेलचा कर लागत नाही. राज्याचा ६ टक्के आणि वर शहराचा वेगळा, असा तो कर असतो. तुम्ही २८ रात्री म्हणताय. रोजचे १०० डॉलर धरू, शहराचा कर ७ टक्के धरू. २८ रात्रींचे २८०० डॉलर आणि त्यावर १३ टक्के कर ३६४, झाले ३१६४. तीस रात्री घेतल्या तर ३००० आणि कर शून्य. म्हणजे दोन रात्री जास्त राहून १६४ डॉलर वाचतात. शिवाय या हॉटेलांचं भाडं सहसा टप्प्याटप्प्याने उतरतं, आठवड्याला एक, पंधरवड्याला एक, तिसाव्या रात्रीपासून आणखी. मात्र तीस दिवस राहणार हे राहायला जायच्या आधी किंवा पहिल्याच दिवशी लेखी द्यायचं. लेखी दिलं नाहीत तर पहिल्या तीस दिवसांचा कर भरावा लागतो, त्यापुढचाच माफ होतो. मधेच एखादी रात्र खोली सोडून मुलीकडे झोपायला गेलात तरी खोली नावावर राहू द्या. साखळी तुटली की सवलत गेली. तिसाच्या आत निघालात तरी कर भरायचाच. हा टेक्सासचा हिशोब आहे, सगळ्या अमेरिकेचा नव्हे. फ्लोरिडात हीच मुदत सहा महिन्यांहून जास्त आहे आणि लेखी करार लागतो.

फोडणीचं. देता येते, पण सांगलीसारखी नाही. शेगडी इलेक्ट्रिक, वरून सपाट काच किंवा वेटोळं. गोल बुडाची कढई तिच्यावर डुगडुगते आणि तापत नाही, तेव्हा सपाट बुडाचं पातेलं न्या, कुकरही चालतो. काही नव्या हॉटेलांत बसवलेली शेगडी नसतेच, मागितली तर इंडक्शन आणून देतात. तिथे ॲल्युमिनियमचा कुकर कामाचा नाही, बुडाला चुंबक चिकटायला हवं. ओट्यावरचा पंखा बऱ्याच ठिकाणी धूर बाहेर फेकत नाही, गाळून परत खोलीतच सोडतो. आणि डोक्यावर धुराचा भोंगा असतो. मिरची-मोहरी कडक तेलात टाकलीत की तो कोकलतो, मजल्यावरचे सगळे बाहेर येतात. तेल मंद ठेवा, मोहरी तडतडली की लगेच झाकण. खमंग फोडणी मुलीच्या घरी खिडकी उघडून एकदाच करा आणि बाटलीत भरून आणा. घरचा मिक्सर इथेच ठेवा. तिकडे वीज १२० व्होल्टची, आपला २३० चा. मेतकूट, भाजणी, कोरडी चटणी न्या, पण तिथे उतरल्यावर कस्टमवाल्यांना खाद्यपदार्थ आहेत असं सांगून टाका. कढीपत्त्याची ताजी पानं नको. संत्र्या-लिंबाच्या बागांना कीड लागते म्हणून ती काढून घेतात. इरविंगला पटेल ब्रदर्सचं दुकान आहे, मेथी-शेपूपासून सगळं मिळतं.

शेवटचं, आणि हेच मुलीला आज रात्री विचारा: हॉटेल हायवेच्या कुठल्या बाजूला आहे? नकाशावर अर्धा मैल दिसतं आणि मधे आठ पदरी रस्ता असतो, पायी ओलांडायची सोय नाही. तुम्ही दोघं गाडी चालवणार नाही. जावयाला रोज दोन खेपा घालाव्या लागल्या तर ओटा, दार, कर, सगळं पाण्यात.

मी कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात आहे. मशीनच्या प्रशिक्षणासाठी कंपनी मला अमेरिकेत ओहायोला १२ रात्री पाठवते आहे. एचआरने दोन पर्याय दिलेत. एक दोन खोल्यांचा सूट, संध्याकाळी स्नॅक्ससकट. दुसरा स्टुडिओ, किचनसकट. भाडं सारखंच आहे. जेवणाचा भत्ता रोखीत मिळणार. सूट जास्त भारी वाटतो. — कुपवाड

एकटे आहात, दार कुणाच्या तोंडावर लावणार?

स्टुडिओ घ्या. बारा दिवसांत शर्ट धुवावे लागतीलच, आणि एक्स्टेंडेड-स्टेमध्ये मशीन त्याच इमारतीत असतं. भात-आमटी स्वतः केलीत तर भत्त्यातले पैसे उरतात, हे तुम्हाला कुपवाडच्या कुठल्याही ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितलं असेलच. पोचल्यावर पहिल्या दिवशी काउंटरला विचारा की भांडी खोलीत आहेत की मागून घ्यायची. काही साखळ्यांत मागितल्याशिवाय मिळत नाहीत, आणि रात्री अकराला भात शिजवायला बसल्यावर ते कळलं तर उपाशी झोपावं लागतं. खोली हायवेच्या उलट्या बाजूची आणि लिफ्टपासून लांबची मागा. ती काही भारी वाटायची गोष्ट नाही, पण झोप लागते.

दोन खोल्यांचा सूट तुमच्या साहेबांना द्या म्हणावं, ते व्हिडिओ कॉलवर मोठ्याने बोलतात.

आमचं मूळ गाव विट्याजवळ, त्रिशूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं दुकान. पुतणीचं लग्न तिकडेच आहे. गावाकडून आई-वडील, आम्ही दोघं आणि दोन मुलं अशी सहा माणसं, तीन रात्री. एका हॉटेलात फॅमिली सूट रोज ९००० म्हणतात. दुसरीकडे किचनवालं सर्व्हिस अपार्टमेंट आहे. आईला वाटतं किचन असलेलं बरं, आल्या-गेल्याला चहा करता येईल. — विटा

दादा, दोन्ही नको.

लग्नघरी तीन दिवस सकाळचा चहा, नाश्ता, दोन्ही वेळची पंगत मंडपात असते. किचनचं भाडं देऊन तुम्ही त्यात फक्त पाण्याच्या बाटल्या ठेवाल. आईंच्या हौसेला खोलीतली इलेक्ट्रिक किटली आणि दूध पावडरचं पाकीट पुरे.

सूटचं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडे अमेरिकेसारखी सगळ्याच सूटची हॉटेलं फार थोडी. साध्या हॉटेलातले वरच्या मजल्यावरचे दोन-चार मोठे गाळे म्हणजे सूट. बसायची खोली ऐसपैस, टेबलावर फुलदाणी, आणि बरेचदा सहा जणांत आंघोळीची खोली एकच. मुहूर्त सकाळचा आहे. आईंची पूजा, वहिनींची साडी, दोन मुलांची दाढी की मुंज जे काय वय असेल ते, आणि तुमचा नंबर शेवटचा. मुहूर्तावर अक्षता टाकायच्या असतील तर न्हाणीघरं दोन हवीत.

मधलं दार असलेल्या दोन खोल्या घ्या. हॉटेलवाले ‘कनेक्टिंग’ म्हणतात. ‘शेजारशेजारच्या देतो’ असं म्हणाले तर मान हलवू नका, शेजारच्या खोल्यांना मधे दार असतंच असं नाही. ‘मधून उघडणारं दार’ असंच मेलवर लिहून घ्या. आई-वडील आणि एक नातवंड एकीकडे, तुम्ही दुसरीकडे. रात्री दार उघडं, दुपारी आई पडल्या की बंद.

आणि पैसे बघा, गलाईवाल्याला सांगायला नको पण सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. हा हिशोब एका खोलीचा धरतात. ९००० च्या सूटवर १६२० कर, म्हणजे १०,६२०. त्याच गावात साधी बरी खोली ४२०० ला मिळाली तर दोन खोल्यांचे ८४००, कर ४२०, म्हणजे ८८२०. तीन रात्रींत ५४०० रुपये वाचले आणि एक न्हाणीघर जास्त मिळालं. त्यातून पुतणीला काहीतरी करा. सोनं तुमच्याच घरचं आहे.

आईला मुंबईत परळला रेडिएशन सांगितलंय, साधारण साडेसहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार. गळ्याचा आजार आहे. मी आणि धाकटा भाऊ आळीपाळीने सोबत राहणार. भाऊ म्हणतो चांगल्या हॉटेलात सूट घेऊ, आईला आराम मिळेल. शेजारी म्हणतात नवी मुंबईत किचनवालं सर्व्हिस अपार्टमेंट स्वस्त पडेल. आम्हाला काही सुचत नाही. — तासगाव

ताई, आधी एक विचारते, वाईट वाटून घेऊ नका. हेच उपचार जवळ होण्यासारखे आहेत का, हे परळच्याच डॉक्टरांना स्पष्ट विचारलंत का? मिरजेत कर्करोगाचं रुग्णालय आहे, आणि तासगावहून मिरज म्हणजे आई रात्री आपल्या पलंगावर झोपतील. काही उपचार तिकडेच करावे लागतात, डॉक्टर तसं म्हणाले तर प्रश्न मिटला. पण विचारल्याशिवाय मुक्काम ठरवू नका.

परळच ठरलं तर अंतर पहिलं, बाकी सगळं नंतर. रोजचे उपचार थोड्या वेळाचे असतात, पण जाणं-येणं आणि रांग यात दिवस जातो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात थकवा वाढतो. तेव्हा नवी मुंबईहून रोज टॅक्सीने परळ म्हणजे स्वस्त भाड्याची भरपाई आईंच्या अंगावर. परळ, दादर, लालबाग, शिवडी, एवढ्यातच बघा.

टाटा मेमोरियलमध्ये जाणार असाल तर हॉटेल शोधायच्या आधी तिथल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जा. परळला नाना पालकर स्मृती समिती रुग्ण आणि सोबतच्या माणसाची राहण्याची सोय करते, दादरला संत गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे. जागा लगेच मिळेलच असं नाही, पण नाव लावायला आजच सुरुवात करा. ‘आपल्याला परवडतं, आपण कशाला’ असं भावाला वाटेल. तिथे राहण्याचा फायदा पैशापुरता नसतो. शेजारच्या खोलीत पाचव्या आठवड्यातलं कुणीतरी असतं. गिळताना त्रास होतो तेव्हा काय खाल्लं, कोणत्या खिडकीवर कुठला कागद लागतो, हे सगळं ते सांगतात. ती माहिती सूटमध्ये मिळत नाही.

तिथे नाहीच जमलं तर सूट नको, किचनवालं घ्या. गळ्यावरच्या रेडिएशनमध्ये पुढे पुढे तिखट, कोरडं, गरम काही चालत नाही. आहारतज्ज्ञ सांगतील तसं मऊ, पातळ, थोडं थोडं आणि वारंवार द्यावं लागतं. पेज, मऊ खिचडी, मुगाचं कढण हे हॉटेलच्या रूम सर्व्हिसला दुपारी चारला मागून बघा. वेळेत आलं तरी मीठ-मसाला त्यांच्या हाताचा. ओटा स्वतःचा असला की रात्री दोनलाही वाटीभर पेज होते. दार असलं तर चांगलंच, कारण जागणाऱ्यालाही झोप हवी. पण आई हाक मारतील तर ऐकू यायला हवी, म्हणून तुमच्या बाबतीत दारासाठी जास्त पैसे मोजू नका.

अपार्टमेंट बघायला भावाला प्रत्यक्ष पाठवा, फोटोवर जाऊ नका. लिफ्ट बंद पडली तर बॅकअप आहे का. कमोड किती उंच, धरायला दांडी आहे का, न्हाणीघराची फरशी घसरते का. पाणी दिवसभर येतं का. वीजबिल भाड्यात आहे की मीटरप्रमाणे वेगळं. उन्हाळ्यात एसी लावला की हा फरक मोठा. गॅस आहे की इंडक्शन. दर आठवड्याला पैसे द्यायचं ठरवा, सगळे दीड महिन्याचे आगाऊ देऊ नका. रक्ताच्या तपासण्या बघून डॉक्टर मधे काही दिवस थांबवतात, कधी मशीन दुरुस्तीला जातं. मुक्काम पुढे वाढतो किंवा मधेच घरी यावं लागतं. वाढवताना तोच दर राहील आणि थांबवताना उरलेले पैसे परत मिळतील, एवढं लिहून घ्या. मालक तयार नसेल तर दुसरीकडे बघा.

रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना सवलत आहे. स्लीपर आणि थ्री-टियर एसीमध्ये रुग्णाला पूर्ण माफी, सोबतच्या एकाला ७५ टक्के. रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. पहिले दोन-तीन आठवडे आईंना बरं वाटत असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर शुक्रवारी रात्री महालक्ष्मीने निघून रविवारी रात्री परत जाता येतं. पुढे नको.

भावाला म्हणावं, सूटचे पैसे बाजूला ठेव. दुसऱ्या महिन्यात लागतील.

आम्ही चौघं द्राक्ष बागायतदार, पलूस तालुका. फेब्रुवारीत बर्लिनला फ्रूट लॉजिस्टिका प्रदर्शन बघायला जायचं आहे. पाच रात्री. चौघांत मिळून एक मोठा सूट घ्यावा का? आमच्यातले एक बुवा माळकरी आहेत, बाहेरचं खात नाहीत. — पलूस

ऐन तोडणीत चौघं एकदम निघालात, म्हणजे बागेकडे बघणारं कुणीतरी खंबीर आहे.

माझा नेहमीचा हिशोब असा की आठवड्याच्या आतला मुक्काम असेल तर ओट्याचे पैसे वाया जातात. माळकऱ्यांपुढे तो हिशोब चालत नाही. जिथे उकळतं ते भांडं कशाचं आहे हे बघून जेवणारा माणूस पाच रात्री ब्रेड-केळ्यांवर काढेल, आणि तिसऱ्या दिवशी तुम्हालाच अपराधी वाटेल. युरोपात अशा मुक्कामाला अपार्टहॉटेल म्हणतात. आडाजिओ, सिटाडिन्स या त्यातल्या साखळ्या बर्लिनमध्ये आहेत. दोन पलंगांचे दोन स्टुडिओ घ्या, एक मोठा गाळा नको. मोठ्या गाळ्यात चौघांपैकी दोघं सोफ्यावर झोपतात, आणि कोण हे पहिल्या रात्री ठरताना प्रवासाची मजा जाते. एक स्टुडिओ बुवांचा आणि कमी घोरणाऱ्याचा, बाकी भांडी तिथलीच, पण आपलं एक छोटं पितळी किंवा स्टीलचं पातेलं बुवांनी बरोबर ठेवावं, म्हणजे शंका नको.

जागा प्रदर्शनाजवळच्या मेसे नॉर्ड किंवा मेसे स्यूड या एस-बानच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या, स्टेशनांकडे थेट जाता येईल अशी बघा. प्रदर्शनाच्या आठवड्यात भाडी चढतात, म्हणून दिवाळीच्या आसपासच बुक करा, रद्द करता येईल असंच. व्हिसाच्या अर्जाला प्रत्येक रात्रीचा पत्ता लागतो आणि बुकिंगवर चौघांची नावं हवीत. एकाच्याच नावावर घेऊन ‘बाकीचे बरोबर आहेत’ असं चालत नाही. बर्लिनचा मुक्काम कर २०२५ पासून भाड्याच्या साडेसात टक्के आहे, कामासाठी आलेल्यालाही भरावा लागतो. तो भाड्यात धरलाय की वेगळा, हे विचारा. अपार्टहॉटेलात काउंटरवर रात्रभर माणूस असेलच असं नाही. विमान उशिरा उतरणार असेल तर दाराचा कोड आधी मेलवर मागून घ्या, नाहीतर फेब्रुवारीच्या थंडीत सामानासकट रस्त्यावर.

जर्मनीत रविवारी किराणा दुकानं बंद असतात. रविवारी पोचत असाल तर बर्लिनच्या मुख्य स्टेशनातली दुकानं उघडी असतात, तांदूळ-दूध तिथून घेऊनच पुढे जा. भाजणी, डाळ, मसाला इथून न्या. तूप, पेढे, दुधाचं काहीही युरोपात न्यायला बंदी आहे, बॅगेत सापडलं तर काढून घेतात. बुवांना वरण-भातावर तूप लागणारच. तिथल्या कुठल्याही मोठ्या दुकानात लोण्याच्या कपाटाशेजारी ‘बुटरश्माल्ट्स’ नावाने कढवलेलं तूप मिळतं. रवाळ नसतं, पण तूपच असतं.